कडू घासाचा धंदा

“यात पनीर आहे का रे?” आमच्या इमारतीतल्या फडतरेकाकांनी विचारलं आणि हॉलमधली सगळी माणसं डब्यांकडे बघायला लागली.

काकी त्याच दिवशी सकाळी गेल्या होत्या. माहुलीच्या घाटावरून मंडळी परतली होती, अंघोळी उरकल्या होत्या, आणि पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलानं, अभिजितनं, हॉटेलातून पार्सल मागवलं होतं. प्लॅस्टिकचे डबे, वर तरंगणारा लालभडक तवंग, चंदेरी कागदात गुंडाळलेल्या रोट्या आणि सोबत कांदा-लिंबाची पिशवी. हॉटेलवाल्यानं बडीशेपेच्या पुड्यासुद्धा टाकल्या होत्या. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? पार्सल कसल्या घरी चाललंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काकांनी डब्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. “तुम्ही घ्या. मला भूक नाही,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

माझ्याशेजारी शालनवहिनी उभ्या होत्या. आमच्या कृष्णाई अपार्टमेंटमध्ये त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी तळमजल्यावर. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, जन्म कोरेगावाकडच्या खेड्यातला, आणि सातारा शहरात इतकी वर्षं काढूनही बोलणं तसंच राहिलेलं. त्यांनी माझा दंड धरून मला दाराबाहेर ओढलं.

“नले, चल खाली. पिठलं टाकू. म्हातारा उपाशी झोपंल न्हाईतर.”

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतून, शेजारपाजारातून जेवण येतं. पिठलं, भात, भाकरी, एवढंच. फोडणीचा चरचराट नाही, पापड-लोणचं नाही, गोड तर नाहीच नाही. याला कडू घास म्हणतात. नेणारीनं “या जेवायला” म्हणायचं नसतं. वाढून मुकाट्यानं समोर ठेवायचं, दोन घास खा म्हणून विनवायचं, आणि निघताना “येते” म्हणायचं नाही. खेड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण आमच्या इमारतीत कोण कुणाची भावकी? कुणी बदलीवर आलेलं, कुणी कर्ज काढून फ्लॅट घेतलेलं. लिफ्टमध्ये मान हलवायची, एवढीच सगळ्यांची सोयरीक.

आम्ही दोघींनी पातेलंभर पिठलं केलं. वहिनींनी भाकरी थापल्या, मी भात लावला. वर नेऊन काकांपुढे ताट ठेवलं. वहिनी त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, दोन घास. तिच्यासाठी.” काका जेवले. जेवताना रडले, पण जेवले.

मी भांडी घेऊन उतरत होते तेव्हा अभिजित जिन्यात मागून आला.

“काकू, तुमचे आभार कसे मानू? मला हे सुचलंच नाही हो. आम्हाला कुठं माहीत असतं काय करायचं, काय नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत तर याहून वाईट. असं कुणी करून देणारं असेल ना, लोक शोधत येतील.”

तो सहज बोलून वर गेला. मी मात्र पातेलं हातात धरून जिन्यात उभीच राहिले.

तेव्हाची आमची परिस्थिती सांगितल्याशिवाय मी का उभी राहिले हे कळायचं नाही. यांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडून वर्ष उलटलं होतं. सुरुवातीला हे रोज इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला जायचे. मग शर्टाची इस्त्री गेली, मग जाणंही गेलं. एकच पेपर दिवसातून तीनदा वाचायचे. घर चालत होतं ते माझ्या डब्यांवर. बँकेतली मुलं, नर्सिंग कॉलेजच्या मुली, एक इंजिनिअर जोडपं, निवृत्त मुख्याध्यापिका देसाईबाई अशी गिऱ्हाइकं होती. चालत होतं म्हणजे काय, ओढून-ताणून. आमच्याच इमारतीत रस्त्याच्या बाजूला एक गाळा रिकामा होता. तो घ्यायचा, तिथं नीट स्वयंपाकघर उभं करायचं, यांना हिशेबाला बसवायचं, हे माझं स्वप्न होतं. मालक म्हणाला होता, दिवाळीपर्यंत थांबतो. नुसत्या डब्यांच्या जोरावर गाळा घ्यायची माझी छाती नव्हती. काहीतरी असं हवं होतं, जे गावात दुसरं कुणी करत नाही.

त्याच सुमारास मी बायकांच्या एका उद्योग शिबिराला जात होते. शिकवायला एक तरुण मॅडम यायच्या, भारी हुशार. त्या सांगायच्या, “एकदम मोठी उडी मारू नका. आधी चाचणी घ्या. थोड्या लोकांना देऊन बघा, त्यांना काय वाटलं ते विचारा, मग सुधारणा करा. नवीन खर्च करू नका, आहे त्यात भागवा. चाचणी फसली तरी नुकसान थोडक्यात आटपतं.”

शेवटचं वाक्य मी घोकत घरी आले. आज ते आठवलं की हसू येतं, आणि ते हसू चांगलं नसतं.

मी बेत सांगितला तेव्हा शालनवहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचे यजमान, आप्पा, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता दम्यानं घरी. माझ्या स्कूटरला डबे अडकवायचे आकडे त्यांनीच बसवून दिले होते.

“कडू घास इकायचा?” वहिनींचा हात ताटातच थांबला. “अगं, त्ये काय भाजीपाला हाय व्हय?”

“वहिनी, ज्यांना शेजार नाही त्यांनी काय करायचं? काकांना पनीर आलं होतं, बघितलंत ना?”

“बघितलं की. म्हणून तर आपुन नेलं. पैसं घेऊन न्हेलं असतं तर आपुन आन् हाटेलवाला यात फरक काय ऱ्हायला?”

“हाटेलवाल्याला पिठलं येत न्हाई एवढा फरक,” आप्पा मध्येच म्हणाले. “करू दे गं पोरीला. तिचा नवरा बसून हाय. तुझं कडू आन् गोड तुझ्यापाशी ठेव.”

वहिनींनी पुन्हा तांदळात हात घातला. मग म्हणाल्या, “भाकरी मी थापून दीन. तू लई जाड करतीस. पर मला त्यातला एक रुपाया नगं. आधीच सांगून ठेवते.”

अशी आमची चाचणी सुरू झाली.

आता मला सांगा, असल्या धंद्याची जाहिरात करायची कशी? मी तिरडीचं सामान विकणाऱ्या बबन कुंभाराकडे गेले आणि माझा नंबर कागदावर लिहून दिला. तो कागदाकडे बघत म्हणाला, “ताई, माझ्याकडं येणारं माणूस घाईत असतंय. पर घालतो कानावर.” त्यानं शब्द पाळला. आठवड्याभरात शाहूनगरमधून एका निवृत्त शिक्षकांच्या घरून फोन आला. बाईचा आवाज घोगरा झाला होता. मी कोण, काय, कशी हे तिनं काही विचारलं नाही. किती माणसं आहेत ते सांगितलं आणि फोन ठेवला.

मी आणि वहिनींनी जीव ओतून स्वयंपाक केला. न्यायचा कशात हा प्रश्न आला, तेव्हा मॅडमचं वाक्य आठवलं. आहे त्यात भागवा. माझे रोजचे स्टीलचे मोठे डबे होते, प्रत्येकाच्या झाकणावर लाल रंगात माझ्या नावाचा ‘न’ काढलेला. त्यातच भरलं, आप्पांनी बसवलेल्या आकड्यांना अडकवलं आणि गेले. वाढलं. माणसं खाली मान घालून जेवली. मी कोपऱ्यात उभी होते. आता गिऱ्हाइकाला मत विचारायचं होतं ना? निघताना दारात त्यांच्या सुनेला मी हळूच विचारलं, “ताई, मिठाचं बरोबर होतं का?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आजही त्या नजरेसमोर मला उभं राहवत नाही. पण तिनं हातात पाकीट ठेवलं, मी घरी आले. डबे घासूनपुसून दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी पालथे घातले.

मग आणखी काही घरं झाली. कुणी तक्रार केली नाही. कुणी करणार तरी कसं? ज्याचा बाप सकाळी गेला तो संध्याकाळी पिठल्यात गुठळी लागली म्हणून भांडेल का? मला एवढी अक्कल नव्हती. मी गप्प बसलेल्या माणसांना समाधानी गिऱ्हाईक समजत होते. यांना म्हटलं, “अहो, चाचणी यशस्वी झाली. एकाचीही नाराजी नाही.” हे इस्त्रीचा शर्ट घालून गाळ्याच्या मालकाला भेटून आले. दिवाळीच्या मुहूर्तावर घेतोच म्हणून सांगून आले.

त्या दिवसांत आम्हा नवरा-बायकोला एक वाईट खोड लागली. हे पेपर आधी मागून, निधनाच्या बातम्यांपाशी उघडायला लागले. “शाहूपुरीत एक आहे,” असं म्हणायचे. “मोठं कुटुंब दिसतंय.” एकदा असं म्हणून आम्ही दोघंही हसलो, आणि मग बराच वेळ एकमेकांकडे बघितलं नाही. फोन वाजला की माझ्या मनात पहिला विचार यायचा, कुणी गेलं असेल का? आणि कुणी गेलेलं नसलं की जीव खट्टू व्हायचा. मी देवापुढे बसले की काय मागायचं हेच कळेना. धंदा चालू दे म्हणावं तर त्याचा अर्थ काय होत होता?

डबे बंद व्हायला लागले ते असे, की मला आधी कळलंच नाही. बँकेतली मुलं म्हणाली, “काकू, आता रूमवरच करतो.” नर्सिंगच्या मुलींच्या रेक्टरनं कळवलं, मेस सुरू होतेय. मेस काही सुरू झाली नाही. इंजिनिअरची बायको गरोदर होती; तिची आई मला दारातूनच म्हणाली, “मी आलेय ना आता, घरचंच देते तिला,” आणि बोलता बोलता लेकीला मागे सारलं. एका साखरपुड्याच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर होती, ती पाहुणे कमी झालेत म्हणून रद्द झाली. मी त्या घरावरून गेले तेव्हा मांडवात माणूस मावत नव्हतं.

सगळे गोड बोलून जात होते. खरं काय ते देसाईबाईंनी सांगितलं. त्यांनी आयुष्यभर शाळा चालवली होती, खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. एक दिवस मी डबा द्यायला गेले तर त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं.

“नलिनी, उद्यापासून नको आणूस.”

“का हो बाई? चव बिघडली?”

“चव कशाला बिघडतेय. तुझ्या हाताला चव आहे.” त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. “शाहूनगरात आमचे मोहितेसर गेले ना, मी गेले होते बसायला. तिथं तुझा डबा बघितला. तो लाल ‘न’. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात तोच डबा.”

“बाई, मी घासून, उकळत्या पाण्यातून काढते हो. तुम्ही तर शिकलेल्या आहात.”

“मला कळतं गं सगळं. स्टील आहे, त्याला काय चिकटतंय? डोक्याला कळतं. पण झाकण काढायला गेले की हाताला कळत नाही. जेवलेच नाही त्या दिवशी, तरी इतके दिवस रेटलं. मोहितेसरांचे पाय डोळ्यांपुढे यायला लागले.”

“दुसरे डबे करते. वेगळे ठेवते.”

“आता ते तुझ्या डब्याचं राहिलेलं नाही, बाळ,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी जिना उतरून स्कूटरपाशी आले आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चाचणी फसली तर चाचणीपुरतं नुकसान होतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्यांचा दोष नाही. त्यांनी लोणच्याची, पिशव्यांची, मेणबत्त्यांची चाचणी बघितली असणार. मेणबत्ती नाही खपली तर नाही खपली. मेणबत्तीवाली बाई समोर आली म्हणून कुणी लेकराला मागे ओढत नाही.

“आता हेच जोरात चालव,” हे म्हणाले. दुसरं होतं काय? आम्ही पत्रकं छापली. भाषा अगदी जपून लिहिली होती, ‘दुःखद प्रसंगी घरगुती जेवण’ एवढीच. मी ती घराघरांत द्यायला निघाले आणि दुसऱ्याच दारात एका बाईनं पत्रक वाचून माझ्या अंगावर फेकलं. “आमच्यात कोण मरायला टेकलंय गं? लाज न्हाई वाटत? सणासुदीचं दारात आलीस!” तिच्या घरात कुणी आजारी होतं की नव्हतं देव जाणे. पण मला तिचंच पटलं. मी उरलेली पत्रकं घेऊन घरी आले.

असल्या धंद्याला गिऱ्हाईक परत येत नाही, आणि एकमेकांना सांगतही नाही. “तुमच्याकडे कुणी गेलं तर हिला बोलवा” असं कुणी कुणाला सांगतं का? असलं अभद्र तोंडातून काढायचं नाही, हे आपल्याकडे लहान मूलही जाणतं. माझा नंबर फोनमध्ये ठेवायलाही लोक धजत नव्हते. शेवटी बबन कुंभारही म्हणाला, “ताई, मी सांगतो, पर लोक हाटेलातनंच मागवत्यात. हाटेलची गाडी कुणाच्याबी दारात जाती. तुमची गाडी दिसली की आख्ख्या गल्लीला कळतंय.”

तेलही गेलं, तूपही गेलं. दिवाळीच्या आधीच आम्ही मालकाला नाही म्हणून कळवलं आणि गाळ्यात केकचं दुकान आलं. उद्घाटनाला मालकानं आम्हालाही बोलावलं होतं, आम्ही गेलो नाही. हे परत पेपर पुढून वाचायला लागले. मला एकदाच म्हणाले, “तुझं बरं चाललं होतं गं.” त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले तरी असते.

धंदा बुडतो, माणसं परत उभी राहतात. मीही राहिले असते. पण एव्हाना मला वेगळीच भीती वाटू लागली होती. फडतरेकाकांना ताप आला म्हणून मी विचारपूस करायला गेले, तर दार उघडून ते क्षणभर माझ्या हातांकडे बघत राहिले. मग कसनुसं हसून म्हणाले, “बरा आहे मी. अगदी बरा आहे.” त्यानंतर मी आजारी माणसाच्या घरी जाणं सोडलं. बारशाला जात नव्हते, हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, आणि आता आजाऱ्याच्या दारातही नको झाले. उरलं काय?

उरलं होतं शालनवहिनींचं घर. ते एकच दार मला आधीसारखं उघडत होतं. वहिनी चहाला हाक मारायच्या, भाजी निवडायला बसवायच्या, “चेहरा का पाडलायस?” म्हणून रागवायच्या. बाकी सगळं गेलं तरी चालेल, असं मी तेव्हा मनाशी म्हणत असे. वहिनी आहेत तोवर मी या इमारतीत माणूस आहे.

थंडीत आप्पांचा दमा वाढला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रोज पेज करून न्यायचे. आप्पांना बरं वाटायचं, बोलायचे चार शब्द. एक दिवस वहिनींची सून, सुप्रिया, तिथं होती. तिनं माझ्या हातून डबा घेतला आणि न उघडताच कॉटखाली सरकवला. वहिनींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या मला खालीच, दवाखान्याच्या फाटकापाशी भेटल्या.

“तू नगं हेलपाटं घालूस, नले. त्यास्नी बोलाया लागलं की धाप लागती.”

“मी बोलणार नाही, वहिनी. नुसती बसते.”

“आसू दे गं. तूबी दमतीस.” त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला. “ही पेज देते मी त्यास्नी.”

खरंच धाप लागत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतं.

पुढच्याच आठवड्यात सकाळी वहिनींच्या मुलाचा, महेशचा फोन आला.

“काकू, आप्पा गेले. दुपारी माहुलीला नेतोय. परतल्यावर पंधरा-सोळा माणसं असतील घरात. बघाल ना तेवढं?”

“अरे, हे सांगायला लागतं का?” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी ओट्यापाशी उभी राहून हमसून रडले. आप्पांसाठी रडले, वहिनींसाठी रडले, आणि खरं सांगायचं तर थोडं माझ्यासाठीही. महेशनं मला हक्कानं सांगितलं होतं. घरच्या माणसाला सांगतात तसं, किती माणसं आहेत तेही सांगितलं होतं. कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे शेजारीण म्हणून काही मागितलं होतं. त्या दिवशी भाकरीसुद्धा मीच थापल्या. पातळ थापल्या, वहिनींना आवडतात तशा. लाल ‘न’चे डबे माळ्यावर टाकले होते, त्यांना हात लावला नाही. घरातली आमची पातेली घेतली, वर स्वच्छ पंचा झाकला, आणि दोन खेपा करून वर नेली.

मंडळी घाटावरून आली होती. ओले केस, सुजलेले डोळे. स्वयंपाकघरात बघितलं तर दुसऱ्या कुणाच्याही घरून काही आलेलं नव्हतं. एक भाकरीसुद्धा नाही. कशाला येईल? इमारतीत मी होते.

मी ताटं केली. बाहेरच्यांना वाढलं. मग एक ताट घेऊन आतल्या खोलीत गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ पांढरं, हात मांडीवर उघडे पडलेले. मी त्यांच्याजवळ बसले, त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही. मला फार बरं वाटलं.

“वहिनी, दोन घास घ्या.”

त्यांनी ताटाकडे बघितलं. मग दाराकडे बघून हाक मारली, “महेश.”

महेश आत आला. त्यांनी नुसती मान हलवली. त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. “काकू, कमी असतील तर सांगा. आता किती असतं ते मला माहीत नाही.”

मला काही कळेचना. मी वहिनींकडे बघितलं.

“घे, नले.”

“वहिनी, मला? अहो, मी काय ऑर्डर घेऊन आलेय का? तुम्ही आणि मी काकांना नेलं होतं, तसंच आणलंय हे.”

“मला ठावं हाय गं.” त्यांचा आवाज अगदी मऊ होता. रागावल्या नव्हत्या, टोचून बोलत नव्हत्या. पोटच्या पोरीशी बोलावं तसं बोलत होत्या. “पर तुझं पोट हाय याच्यावर. लोकांचं पैशानं आन् आमचं फुकट, आसं कसं?”

“नाही वहिनी. मला हे घेता यायचं नाही. मी पाया पडते तुमच्या.”

बाहेर ताटांपुढे बसलेली माणसं आतलं ऐकत होती. कुणीच घास उचलला नव्हता. सुप्रिया दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडेही बघितलं, महेशकडेही बघितलं. कुणीतरी म्हणावं, आई, असू दे, काकू घरच्याच आहेत. कुणी म्हटलं नाही.

“नले, आईक,” वहिनी म्हणाल्या. “जायच्या वक्ताला त्यांच्या नावावर कुणाचं काय ऱ्हायला नगं. आयुष्यभर कुणाचा चहा फुकट प्याला न्हाई माणूस. तू घेतल्याबिगर मला घास उचलायचा न्हाई. भाईर पोरंबी उपाशी हायती सकाळपासनं.”

भात निवत चालला होता. मी हात पुढे केला. महेशनं नोटा हातावर ठेवल्या, मी त्या पदराच्या टोकाला बांधल्या. मग वहिनींनी ताट पुढे ओढलं आणि भात कालवला.